नाव, करार आणि गवत

कादंबरीकार पात्राला नाव देतो आणि तेथून त्या पात्राचे जगणे सुरू होते, असे विधान साहित्याच्या वर्गात आपण सर्वच जण केव्हा ना केव्हा करतो. ते अलंकारिक आहे हे आपल्यालाही ठाऊक असते. एका कादंबरीकाराच्या बाबतीत मात्र ते जवळजवळ अक्षरशः खरे ठरले आहे. त्याने नाव दिले ते एका निळ्या फुलपाखराला. पंख पुरते पसरले तरी इंचभरच भरेल, एवढेसे ते फुलपाखरू. त्या नावाचा माग काढीत गेल्यावर आम्ही जेथे पोहोचलो तेथे साहित्य फारसे नव्हते. होते ते शॉपिंग मॉल, कचराडेपो, घरबांधणीचे परवाने, न्यायालयाचे निकाल आणि गवत. या लेखाचा विषय ते गवत आहे.

कादंबरीकार अर्थातच व्लादिमीर नाबोकोव्ह. १९४० मध्ये अमेरिकेत आल्यावर पुढच्याच वर्षापासून १९४८ पर्यंत त्याने हार्वर्ड विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात फुलपाखरांवर काम केले. सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास निळ्या फुलपाखरांच्या अवयवांची मोजमापे घेत बसलेला हा माणूस हौशी होता, पण त्याची हौस वरवरची नव्हती. निळ्या फुलपाखरांच्या एका गटाविषयी, ती आशियातून टप्प्याटप्प्याने अमेरिका खंडात आली असावीत, असे अनुमान त्याने १९४५ मध्ये मांडले होते. २०११ मध्ये डीएनएच्या आधारे झालेल्या अभ्यासाने ते अनुमान मुख्यतः बरोबर ठरवले. त्याच चाळीसच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी शहराजवळच्या कार्नर या ठिकाणचे जुने नमुने तपासून त्याने तेथील निळ्या फुलपाखराला स्वतंत्र उपजातीचा दर्जा दिला आणि ‘सॅम्युएलिस’ हे शास्त्रीय नाव बहाल केले. बोलीत त्याला ‘कार्नर ब्ल्यू’ म्हणतात.

१९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘प्निन’ या कादंबरीत ही निळी फुलपाखरे एका ओल्या वाळूच्या पट्ट्यावरून क्षणभर उडतात. पाहणारे दोघे रशियन निर्वासित आहेत. त्यांपैकी एकाला वाटते की आपला कीटकप्रेमी व्लादिमीर व्लादिमिरोविच या वेळी येथे हवा होता. दुसऱ्याला, म्हणजे प्निनला, त्या गृहस्थाचे हे कीटकप्रेम म्हणजे एक ढोंग असावे असा संशय आहे. लेखकाने स्वतःचीच केलेली ही थट्टा वाचकाच्या ध्यानात राहते. फुलपाखराचे नाव तेथे दिलेलेच नाही; वर्णनावरून जाणकार त्याला ओळखतात. साहित्याचे अभ्यासक येथवर येऊन थांबतात, आणि थांबायला हरकतही नाही. पण नाव देणाऱ्याच्या मृत्यूनंतर नाव मिळालेल्याचे काय झाले, हाही वाचनाचाच एक भाग मानला तर गोष्ट पुढे बरीच आहे.

कार्नर ब्ल्यूचे घर म्हणजे ऑल्बनी आणि शेनेक्टडी या दोन शहरांच्या मधला वाळूचा प्रदेश. त्याला पाईन बुश म्हणतात. विरळ खुरट्या पाईनची झाडे, मधे ओकची झुडपे आणि त्यांच्यामध्ये उघडे गवत, असे त्याचे रूप. त्या गवतात रानटी निळा ल्युपिन उगवतो. आपल्या हरभरा-वाटाण्याच्या कुळातली ही वनस्पती, निळ्या तुऱ्यांची. प्रौढ फुलपाखरू अनेक फुलांचा मध घेते, परंतु त्याची अळी फक्त या ल्युपिनची पाने खाते, दुसऱ्या कशालाही तोंड लावीत नाही. वर्षातून दोन पिढ्या होतात, आणि दोन्ही पिढ्यांना हेच एक पान लागते. ल्युपिनला ऊन हवे. झाडी दाट झाली, सावली पडू लागली, की ल्युपिन जातो. पाईन बुशमध्ये पूर्वी ही झाडी वरचेवर लागणाऱ्या वणव्यांनी आटोक्यात राहत असे.

वाळूची जमीन शेतीला फारशी कामाची नव्हती, म्हणून ती उरली. आणि उरली म्हणूनच ती विसाव्या शतकात हमरस्त्यांना, गृहसंकुलांना, कार्यालयांना आणि शहराच्या कचऱ्याला मोकळी सापडली. ‘येथे काहीच नाही’ असे ज्या जागेविषयी वाटते तेथे सर्व काही आणून टाकता येते. १९७८ मध्ये काही नागरिकांनी ‘सेव्ह द पाईन बुश’ नावाची संघटना स्थापन केली आणि ते नगरपालिकेविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांच्या एका खटल्यात न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने १९८७ मध्ये दिलेला निकाल आम्हांस वाचनशास्त्राचा धडा वाटतो. न्यायालयाने म्हटले ते थोडक्यात असे: एकेका बांधकामाचा परिणाम सुटा सुटा पाहून परवानगी देणे पुरेसे नाही, त्या प्रदेशात जेवढे प्रकल्प प्रस्तावित आहेत त्या सर्वांचा मिळून काय परिणाम होईल, याचा विचार करावा लागेल. एक पान फाडल्याने पुस्तक जात नाही, हे प्रत्येक पानाच्या बाबतीत खरेच असते. पुढच्या वर्षी, १९८८ मध्ये, राज्याच्या विधिमंडळाने पाईन बुशसाठी स्वतंत्र आयोग नेमला, आणि १९९२ मध्ये कार्नर ब्ल्यू अमेरिकेच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या केंद्रीय यादीत आले. त्या देशाचा १९७३ चा कायदा उपजातींनाही संरक्षण देतो. म्हणजे ‘हे वेगळे आहे’ असे चाळीसच्या दशकात एका लेखकाने सूक्ष्मदर्शकातून पाहून नोंदवले नसते, तर कायद्याला नेमके कोणाला वाचवायचे हे सांगणेही अवघड गेले असते.

नावाचे सामर्थ्य मोठे, असा निष्कर्ष काढून येथे लेख संपवणे सोयीचे होते. पण अमेरिकेच्या दुसऱ्या किनाऱ्यावर याच काळात घडलेली गोष्ट आड येते. सॅन फ्रान्सिस्कोच्या पश्चिम भागात पूर्वी समुद्रालगत वाळूच्या टेकड्या होत्या आणि तेथे ‘झर्सीस ब्ल्यू’ नावाचे निळे फुलपाखरू राहत असे. त्याला शास्त्रीय नाव १८५२ मध्येच मिळाले होते, आणि तेही इराणच्या सम्राटाचे. टेकड्यांवर घरांच्या रांगा उठल्या. १९४० च्या दशकाच्या आरंभी ते अखेरचे दिसले आणि मग कधीच दिसले नाही. नाबोकोव्ह हार्वर्डमध्ये निळ्या फुलपाखरांवर वाकून बसला होता त्याच वर्षांत त्यांच्या कुळातले एक फुलपाखरू सम्राटाच्या नावासकट नाहीसे झाले. १९७१ मध्ये रॉबर्ट मायकेल पाईल या निसर्गलेखकाने कीटकांच्या रक्षणासाठी संस्था काढली तेव्हा तिला याच मृत फुलपाखराचे नाव दिले. नाव उरले, फुलपाखरू गेले. नाव ही आवश्यक गोष्ट आहे, पुरेशी नाही.

नावानंतर येतो तो करार. त्याची कहाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिण वेशीवरच्या सॅन ब्रूनो पर्वतावर घडली. पर्वत म्हणायचा एवढेच, उंची जेमतेम तेराशे फूट. चारी बाजूंनी शहरे आणि मधे हे गवताचे बेट. पायथ्याशी डेली सिटी आहे. तेथील डोंगरउतारावरच्या एकसारख्या घरांची थट्टा करणारे माल्विना रेनल्ड्सचे ‘लिटल बॉक्सेस’ हे गाणे १९६२ चे. गाण्यातली घरे पर्वतापाशी येऊन ठेपली होती आणि सत्तरच्या दशकात पर्वतावरच हजारो घरे बांधण्याची योजना पुढे आली. पण १९७६ मध्ये तेथील दोन फुलपाखरे संकटग्रस्त यादीत दाखल झाली होती. त्यांतले एक ‘मिशन ब्ल्यू’, सॅन फ्रान्सिस्कोतील मिशन या वस्तीवरून नाव पडलेले. तेही ल्युपिनवरच जगते. फक्त तेथील ल्युपिनच्या जाती वेगळ्या. मादी पानांवर अंडी घालते. अळी पाने खाते, त्या रोपाच्या बुडाशी निपचित पडून कोरडे दिवस काढते आणि पुढच्या वसंतात पुन्हा खाऊ लागते. मुंग्या तिच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसाच्या मोबदल्यात तिची राखण करतात. पंख फुटल्यानंतरचे आयुष्य साधारण आठवड्याचे.

कायदा सांगत होता की या फुलपाखरांना इजा करता येणार नाही. मालक म्हणत होते की जमीन आमची आहे. स्थानिक लोकांना पर्वत मोकळा हवा होता, आणि नगरपालिकांना घरेही हवी होती. वाटाघाटी झाल्या, शास्त्रज्ञांनी फुलपाखरांची पाहणी केली, आणि एक तोडगा निघाला: पर्वताचा मोठा भाग कायमचा मोकळा राहील, ठरावीक भागावर बांधकाम होईल, त्या बांधकामात जी फुलपाखरे मरतील त्यांची परवानगी सरकार देईल, आणि बदल्यात नव्या घरांचे मालक दरवर्षी काही रक्कम देतील. त्या वेळी ठरलेली रक्कम होती घरामागे वीस डॉलर. त्यातून अधिवासाची निगा राखायची. असा तोडगा कायद्यात बसत नव्हता, म्हणून १९८२ मध्ये कायदाच दुरुस्त करण्यात आला, आणि १९८३ मध्ये सॅन ब्रूनोला त्या देशातला अशा प्रकारचा पहिला परवाना मिळाला. काही पर्यावरणवादी न्यायालयात गेले. १९८५ मध्ये केंद्रीय अपील न्यायालयाने करार उचलून धरला. पुढे या नमुन्यावर शेकडो करार झाले. जगात जेथे जेथे ‘विकास आणि संवर्धन हातात हात घालून’ अशी भाषा ऐकू येते, तेथे या छोट्या डोंगराची सावली पडलेली असते.

या कराराविषयी आमचे मन दुभंगलेले आहे, ते येथे सांगितले पाहिजे. साहित्य वाचणाऱ्या माणसाला तडजोडीचा तिटकारा सहज येतो. शोकांतिकेचा नायक तडजोड करीत नाही, आणि आपण त्याच्यावर प्रेम करतो. फुलपाखराच्या मृत्यूचा परवाना, त्यावर सरकारी शिक्का आणि वीस डॉलरची पावती. यात उपहासिकेला पुरेल एवढा मजकूर आहे. परंतु आम्ही हे ज्या खोलीत बसून लिहितो आहोत ती खोलीदेखील कधीकाळी माळ असलेल्या जमिनीवर उभी आहे. आमच्या इमारतीचा पाया खणला तेव्हा तेथे काय उगवत होते हे कोणी लिहून ठेवलेले नाही. डोक्यावर छप्पर मागणारा माणूस खलपुरुष नसतो, आणि डेली सिटीच्या त्या एकसारख्या घरांत राहायला गेलेल्या कुटुंबांनाही ती घरे गाण्यातल्याइतकी हास्यास्पद वाटली नसणार. झर्सीस ब्ल्यूच्या वेळी कोणी करार केला नाही, आणि काहीच उरले नाही. सॅन ब्रूनोवर करार झाला, आणि मिशन ब्ल्यू आजही तेथे उडते. हा फरक क्षुल्लक मानण्याची आमची तयारी नाही.

तरीही कराराच्या आत एक भेग आहे आणि ती नीतीची नसून व्याकरणाची आहे, असे आम्हांस वाटते. करार जमिनीविषयी बोलतो तेव्हा नामे वापरतो: एकर, हद्द, पट्टा, क्षेत्र. हा भाग तुमचा, तो भाग फुलपाखराचा. पण गवताळ प्रदेश हे नाम नाही, ते क्रियापद आहे. तो सतत घडत राहावा लागतो. सॅन ब्रूनोवर पूर्वी गुरे चरत; त्याही पूर्वी तेथील मूळ रहिवासी गवताला आगी लावीत. चराई बंद झाली, आग विझवण्याची यंत्रणा सज्ज झाली, आणि कुंपणापलीकडे कोणीही एक वीट न रचता गवत मागे हटू लागले. युरोपातून आलेले गॉर्स नावाचे काटेरी पिवळे झुडूप, बडीशेपेच्या जातीतले एक तण आणि तेथलीच मूळची झुडपे, सगळी मिळून ल्युपिनची जागा घेत गेली. ओल्या वर्षांत ल्युपिनला बुरशीचा रोगही पडला. बिल्डरला थोपवता येते, कारण त्याला पत्ता असतो आणि नोटीस बजावता येते. झुडपाला नोटीस बजावता येत नाही. झुडूप हटवायला माणसे लागतात, दरवर्षी लागतात, आणि वीस डॉलरच्या हिशेबात ती पुरेशी मिळत नाहीत. आग लावावी म्हटले, तर आता भोवती घरे आहेत, जी कराराने बांधू दिली तीसुद्धा त्यांत आली. धूर कोणालाच नको असतो.

१९९४ मध्ये अमेरिकी सरकारने अशा करारांसाठी एक धोरण जाहीर केले. त्याचा आशय असा, की एकदा करार झाला की पुढे काही अनपेक्षित निघाले तरी जमीनमालकाकडे जादा जमीन वा पैसा मागितला जाणार नाही. १९९८ मध्ये तो रीतसर नियम झाला. त्याला नाव पडले ‘नो सरप्रायझेस’, म्हणजे अचंबे नाहीत. मालकाला अशी हमी लागते, त्याशिवाय तो सहीच करणार नाही, हे समजण्यासारखे आहे. पण निसर्गाशी केलेल्या करारात अचंबा वर्ज्य करणे म्हणजे कथेच्या पहिल्याच पानावर शेवट नोंदणीकृत करून ठेवणे होय. फुलपाखराने त्या कागदावर सही केलेली नाही. बुरशीनेही नाही.

राखून ठेवणे म्हणजे हात न लावणे, ही समजूत किती घातक ठरू शकते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण इंग्लंडचे आहे. तेथील ‘लार्ज ब्ल्यू’ हे फुलपाखरू दुर्मीळ होऊ लागले तेव्हा दोष संग्राहकांवर गेला, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याच्या एका जागेला कुंपण घालण्यात आले. संग्राहक बाहेर राहिले. गुरेही बाहेर राहिली. गवत उंच वाढले आणि त्या जागेतून फुलपाखरू नाहीसे झाले. सत्तरच्या दशकात जेरेमी टॉमस या संशोधकाने शोधून काढले की या फुलपाखराची अळी लाल मुंगीच्या एका विशिष्ट जातीच्या वारुळात वाढते, आणि त्या मुंगीला उन्हाने तापलेली, अगदी आखूड गवताची जमीन लागते. गवत काही सेंटिमीटर वाढले की जमीन थंड होते आणि मुंगी जाते. हे कळेपर्यंत उशीर झाला होता. १९७९ मध्ये लार्ज ब्ल्यू ब्रिटनमधून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पण कळले होते म्हणून पुढे स्वीडनहून अळ्या आणून, गुरे पुन्हा चारून, ते परत आणता आले. ज्या गुराच्या खुराखाली अळी चिरडेल म्हणून भीती, तेच गुरू अळीचे घर शाबूत ठेवीत होते.

आता पाईन बुशकडे वळू, कारण तेथील मंडळींनी हे व्याकरण ओळखले. आज तेथे तीन हजारांहून अधिक एकर जमीन राखीव आहे. पण तिच्यावर जे चालते ते पाहून निसर्गकवीला भोवळ येईल. करवतीने झाडे तोडली जातात. आक्रमक झाडी मुळासकट उपटली जाते. ल्युपिनचे आणि गवताचे बी पेरले जाते. आणि ठरावीक दिवशी, वारा पाहून, प्रशिक्षित माणसे वाळलेल्या गवताला चक्क आग लावतात. या आगीत अंडी आणि अळ्या जळू शकतात. म्हणून एका वेळी एकच तुकडा जाळायचा, शेजारचा राखायचा, म्हणजे शेजारून फुलपाखरे नव्या ल्युपिनवर येतील. बंदिवासात वाढवलेली फुलपाखरेही सोडण्यात आली. शतकाच्या वळणावर अगदी रोडावलेली त्यांची संख्या गेल्या दशकात हजारोंच्या घरात गेली. शेजारी महामार्ग तसाच वाहतो आहे आणि मॉलही आहे. हे नंदनवन नाही. बाग तर त्याहून नाही. ज्याची रोज काळजी घ्यावी लागते असे ते एक अवघड आजारपण आहे, आणि तरी त्यात पंख हलताना दिसतात.

त्याच भूमीवरचा २००९ चा एक निकाल साहित्याच्या अभ्यासकांनी आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. फुलपाखराच्या अधिवासाजवळ एका हॉटेलला परवानगी मिळाली होती. प्रश्न असा उपस्थित झाला की आक्षेप घेणारे लोक त्या जागेचे शेजारी नाहीत, मग त्यांना न्यायालयात येण्याचा अधिकार काय? न्यायालयाने सांगितले की जो माणूस त्या निसर्गात इतरांपेक्षा अधिक वरचेवर जातो, तो पाहतो, अभ्यासतो, त्याचा आनंद घेतो, त्याचे त्या निसर्गाच्या नाशाने स्वतःचे नुकसान होते. म्हणून त्याला दाद मागता येईल. मूळ खटला संघटना हरली, तो भाग वेगळा. पण अधिकार प्रस्थापित झाला, आणि तो मालकी हक्कातून आलेला नाही. तो वारंवार जाण्यातून आलेला आहे. आम्हांस हा वाचकाचा अधिकार वाटतो. कविता कवीची असते, छपाई प्रकाशकाची असते. पण जो ती पुन्हा पुन्हा वाचतो त्याचेही तिच्यावर काही चालते, असे आपण मानतोच ना?

हे सर्व परदेशी आहे आणि आम्ही मराठीत लिहितो आहोत. पण दुवा ओढूनताणून आणावा लागत नाही, कारण दख्खनचे पठार हेही विरळ पावसाचे, गवताचे आणि काटेरी झुडपांचे क्षेत्र आहे, आणि त्याला आपण दिलेली नावे कानावर सतत असतात: पडीक, ओसाड, उजाड, नापीक. केंद्र सरकारने २००० मध्ये देशाच्या पडीक जमिनींचा जो नकाशासंग्रह प्रसिद्ध केला त्यात झुडपी जमीन आणि चराऊ रानांचे काही प्रकार याच सदरात मोडतात. पडीक म्हटले की दोनच वाटा उरतात: प्लॉट पाडणे किंवा झाडे लावणे. पहिलीला आपण विकास म्हणतो आणि दुसरीला पुण्य. गवताच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम फारसा वेगळा होत नाही. २०१५ मध्ये ‘ब्ल्यू मॉर्मन’ला राज्याच्या फुलपाखराचा मान देणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य ठरले, ही अभिमानाची गोष्ट आहे; पण ते मोठे, देखणे, झाडीत रमणारे फुलपाखरू आहे. माळावर पायाखालच्या रोपांवर उडणारे ‘ग्रास ज्युवेल’ हे देशातल्या सर्वांत चिमुकल्या फुलपाखरांपैकी एक, तेही निळ्यांच्याच कुळातले. ते संकटात आहे असा आमचा दावा नाही. ते दिसण्यासाठी खाली वाकावे लागते, एवढेच आमचे म्हणणे.

हद्दीने गवत वाचवण्याचा प्रयोग आपल्याकडेही झालेला आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले; त्यात गावे, शेते, तालुक्याची शहरे सर्वच आली. लोकांचे जमिनीचे व्यवहार अडकले, राग साचला, आणि अखेरीस क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणावे लागले. माळढोक मात्र त्या माळांवरून जवळजवळ दिसेनासा झाला. एवढी मोठी हद्द होती, आणि तरी. आकडा वाढवून किंवा घटवून गवत सांभाळले जात नाही. ते ज्यांच्या रोजच्या वावराने घडते त्या माणसांना, त्यांच्या मेंढरांना, चराईच्या प्रमाणाला हिशेबात धरावे लागते. हीच गोष्ट इंग्लंडच्या कुंपणाने शिकवली होती.

मग आपण, भाषा आणि साहित्य शिकवणारे व शिकणारे, यात कोठे बसतो? रॉबर्ट मायकेल पाईलने एक कल्पना मांडली आहे, अनुभवाच्या लोपाची. एखादी जात आपल्या परिसरातून गेली की जगात ती अन्यत्र असली तरी आपल्या अनुभवातून गेलेली असते. अनुभव गेला की आस्था जाते, आणि आस्था गेली की पुढचा नाश सोपा होतो. हाच पाईल पुढे नाबोकोव्हच्या फुलपाखरांविषयीच्या लेखनाच्या, २००० मध्ये निघालेल्या ग्रंथाचा एक संपादक झाला, हा योगायोग नव्हे. नेमके पाहणे ही दोन्हीकडची अट आहे. फुलपाखराविषयीच्या आपल्या बहुतेक कविता फुलावरच्या पंखांपाशी थांबतात. पान कुरतडणारी अळी, तिची एकच आवडती वनस्पती, तिची राखण करणाऱ्या मुंग्या आणि त्या वनस्पतीला ऊन मिळावे म्हणून चरणारे गुरू, इथवर त्या क्वचितच पोहोचतात. कवींना दोष देण्यात अर्थ नाही. वाचताना आपण किती खाली वाकतो, हा प्रश्न आपला आहे.

उदाहरणार्थ व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ ची ‘बनगरवाडी’. ती आपण धनगरांच्या वाडीची, तरुण शिक्षकाची, दुष्काळाची कादंबरी म्हणून शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण ती माळाचीही कादंबरी आहे. मेंढरे तेथे पार्श्वभूमी नाहीत. त्यांच्या तोंडातून तो माळ घडतो, आणि चारा संपला की वाडीच उठते. पुढच्या सत्रात ही कादंबरी घेताना विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारायचा असे आम्ही ठरवले आहे: या पुस्तकातल्या जमिनीला पडीक म्हणता येईल का? ज्याला ‘नाही’ असे उत्तर सकारण देता येईल, तो उद्या ग्रामपंचायतीच्या बैठकीत किंवा नगररचना खात्याच्या टेबलासमोर बसला असताना एखाद्या नकाशावरच्या रिकाम्या दिसणाऱ्या तुकड्यापाशी क्षणभर थबकेल. घरे तरीही बांधली जातील, आणि काही बांधावीच लागतील. पण कोठे, किती सोडून, आणि सोडलेल्या जागेची निगा पुढची तीस वर्षे कोण राखणार, हे तीन प्रश्न त्या टेबलावर आले तर साहित्याच्या तासाने आपले काम केले असे आम्ही समजू.